कवळीवाल्याकडची खार

कवळीवाल्याने उभ्या जन्मात किती कवळ्या घडवल्या असतील कोण जाणे, पण मोडलेला दात पुन्हा उगवलेला काही पाहिला नव्हता. त्याच्याकडे यायची ती सगळी बोळकी तोंडं. "गेलेला दात म्हणजे गेलेलं माणूस," तो प्रत्येकाला ऐकवायचा, "परत येत नाही. आता माझ्यावर भागवा." आणि स्वतःच खो खो हसायचा.

एका सकाळी कामाच्या खोलीच्या खिडकीत एक खार आली. बायकोने ठेवलेला शेंगदाणा तोंडाला लावायची, गाळायची, पुन्हा उचलायची. अंगाचा नुसता सापळा झाला होता. कवळीवाला चष्मा पुसत जवळ गेला. तिचे खालचे पुढचे दोन्ही दात मोडले होते. घासायला खाली काहीच न उरल्याने वरचे दोन वाढत वाढत आत वळले होते, टाळूला टेकले होते. पळायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"अगं, टॉवेल आण! उपाशी मरतेय ही."

"चावली म्हणजे?"

"चावता आलं असतं तर आणखी काय हवं होतं!"

बायकोने तिला टॉवेलात गुंडाळून धरलं. कवळीची कड घासायच्या बारीक चकतीने त्याने वरचे दात बेताचे केले.

खार पिंजऱ्यात राहिली. तिला केळं कुस्करून भरवताना तो म्हणायचा, "हिला आता आपल्याशिवाय कोण आहे? जन्मभर इथेच राहील." खरं तर त्याला तिचा लळा लागला होता.

"मग हिलाही एक कवळी करा," बायको म्हणायची.

एकदा भरवताना तिच्या खालच्या हिरडीवर त्याला काहीतरी पिवळट दिसलं. केळं चिकटलं असेल म्हणून त्याने कापसाने पुसलं. निघेना. त्याने भिंग आणलं आणि बघितलं. दात! दोन्ही दात, आपापल्या जागी, कुणी माप न घेता वर येत होते.

"कुठून आणले गं हिने?" त्याने बायकोला विचारलं. तिला तरी काय ठाऊक, की खारीचे पुढचे दात मुळापासून जन्मभर वाढतच असतात! दोघंही तोंडात बोट घालून बघत राहिली.

बघता बघता खालचे दात वरच्यांना भिडले. आपोआप घासले जाऊ लागले. चकती लावायची गरजच उरली नाही, तरी कवळीवाला "अजून थोडे दिवस" म्हणत राहिला.

"अहो," बायको शेवटी हळूच म्हणाली, "कवळी बसल्यावर गिऱ्हाईक घरी जातंच ना?"

त्याने पिंजरा अंगणातल्या झाडाखाली नेला, दार उघडलं. खार सरसर वर चढली. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. तेवढ्यात वरून कुरतडण्याचा आवाज आला आणि फांदीच्या सालीचे तुकडे त्याच्या टकलावर पडू लागले. त्याने ते झटकले नाहीत.