पाहिले, आणि खाली सही

"कागदावर आहे का?"

काकांशी काहीही बोला, त्यांचा पहिला प्रश्न हाच. विचारताना अंगठा तर्जनीवर घासायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा निवृत्त सेक्शन ऑफिसर असेलच. नसेल, तर दिल्लीत राहून तुम्ही केलंत काय?

काका मूळ वर्ध्याचे. लक्ष्मीबाई नगरात मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. आम्ही बायकोच्या क्वार्टरमध्ये. मी नोएडात एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, एवढ्यावर मराठी मंडळाने मला तज्ज्ञ ठरवलं. मीही ते लाजत लाजत मान्य केलं.

मंडळाची वेबसाइट मी काढली. ती इंटरनेटवर ठेवायला जागा लागते, तिला होस्टिंग म्हणतात. मी शोधशोधून सगळ्यात स्वस्त होस्टिंग घेतलं आणि भर सभेत छाती फुगवून सांगितलं. टाळ्याही पडल्या.

साइटवर मुख्य आकर्षण आईच्या आठवणी. लग्न होऊन दिल्लीत आल्यावर भाजीवाल्याशी ती कसली हिंदी बोलली, पहाडगंजातल्या मुलांना मराठी शिकवताना काय फजिती झाली, असं बरंच. ती वहीत लिहायची, मी टाइप करायचो आणि भरलेली वही रद्दीत द्यायचो. "आई, आता ऑनलाइन आहे, कायमचं." काय ही अक्कल!

काका मंडळाचे सचिव. दर शुक्रवारी मार्केटातल्या झेरॉक्सवाल्याला साइट उघडायला लावायचे, काहीतरी छापून घ्यायचे आणि फाइल बगलेत मारून परत यायचे. सभेच्या नोटिसा असतील, असं मी धरून चाललो होतो.

"साइट असताना कागद काहून, काका?" मी त्यांच्याच बोलीत चिडवायचो.

"असू दे रे बाबा."

एका सकाळी साइट उघडेना. कंपनीच्या चॅटवर कोणीतरी फार नम्रपणे लिहिलं, "सर, कॅश क्लियर कीजिए." ब्राउझरने साठवलेलं सगळं पुसलं. "सर, दूसरा ब्राउजर ट्राय कीजिए." तेही केलं. चार दिवसांनी ईमेल आली: तुमची तक्रार सोडवली आहे, कृपया पाच तारे द्या. साइट पांढरी ती पांढरीच! शेवटी कळलं, त्यांचं मशीन बिघडलं आणि सगळा डेटा गेला. आणि बॅकअप? "सर, आपके प्लान में इन्क्लूडेड नहीं है." ज्याला टाळ्या मिळाल्या होत्या, तोच हा प्लान.

घरी आई रोज म्हणायची, "माझं ते उघड ना जरा."

"मेंटेनन्स चालू आहे, आई." खोटं बोललो की माझे कान लाल होतात. आईला हे मी चार वर्षांचा असल्यापासून माहीत आहे.

शेवटी काकांना सांगितलं, साइट गेली. ते रागावले नाहीत. विषय, संदर्भ, सगळं घालून त्यांनी कंपनीच्या नावाने अर्ज लिहिला आणि दोन प्रती काढल्या. "हातोहात द्यायचा. चल."

मेट्रोने नोएडा गाठलं. बिलावरच्या पत्त्यावर जिम निघाली. गार्ड म्हणाला, "अंकल, यहाँ ऐसी कोई कंपनी नहीं है." काकांनी शांतपणे दुसरी प्रत पुढे केली. "बेटा, बस इतना लिख दो कि कंपनी नहीं मिली. साइन और तारीख." आणि त्या बिचाऱ्याने टोपी सरळ करून खरंच लिहून दिलं!

"चला, रेकॉर्डवर आलं," काका समाधानाने म्हणाले.

परतताना मेट्रोत माझा बांध फुटला. "काका, आईच्या वह्या मी रद्दीत दिल्या हो. आता कुठेच काही नाही. तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. घरी पोचल्यावर वर गेले आणि फाइल घेऊन खाली आले. उघडून बघतो तर आईचं पान न् पान! प्रत्येकावर क्रमांक, कोपऱ्यात "पाहिले" आणि खाली काकांची सही.

"अहो काका, आधी का नाही सांगितलंत?"

"तू म्हणाला साइट गेली. लिखाण गेलं असं कुठे म्हणाला?"

मी वाकून पाया पडलो. "उठ रे, काहून नाटक करतो? फाइल ने, पण पोच दे." मी मुकाट्याने पोच लिहून दिली.

फाइल आईसमोर ठेवली. तिने पानं चाळली, माझ्या कानांकडे पाहिलं आणि म्हणाली, "संपलं का मेंटेनन्स?"

गेल्या हिवाळ्यात काका गेले. खूप आठवण येते त्यांची. आईने त्यांच्यावर लिहिलं. मी ते नव्या साइटवर टाकलं, वही कपाटात ठेवली आणि शुक्रवारी झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं. पानावर पुढचा क्रमांक घातला, फाइलला लावलं, टॅगची गाठ मारली.

"कोपऱ्यात सही राहिली रे," आई म्हणाली.

मी पेन उघडलं. मग टोपण परत लावलं. तो कोपरा अजून कोराच आहे.