अंगठ्याखालची ओळ

“वरून आलेल्या माणसाला ‘कसं वाटतंय’ असं विचारू नये, ‘वाच’ म्हणावं,” असं कापितोलिना येगोरोव्ना एकदा म्हणाली होती.

मॉस्कोबाहेर पाइनच्या जंगलात अंतराळवीरांची वसाहत आहे. तिथल्या दवाखान्यात ती एकतीस वर्षं डोळे तपासत होती. डॉक्टर नव्हे, नर्स. डॉक्टर बदलत गेले. ती, तिची खुर्ची आणि दिवा तिथंच राहिले. महिनोन् महिने वजनाशिवाय तरंगणाऱ्या माणसाचं रक्त-पाणी डोक्याकडे चढतं, डोळा मागून दाबला जातो, चपटा होतो. लांबचं लख्ख दिसतं, हातातलं पुसट. कुणाचा डोळा परत सावरतो, कुणाचा नाही. हे तिला पुस्तकांच्या आधी माणसांनी शिकवलं होतं, हात ताणून पेपर वाचणाऱ्या, सुईत दोरा ओवता न येणाऱ्या माणसांनी.

भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वसाहतीत पोरासोरांनाही पाठ. म्हणून जवळच्या वाचनाचं कार्ड ती कपाटात, कुलपात ठेवी.

मार्चमधल्या त्या सकाळी ग्लेब तिखोनोविच खुर्चीत बसला होता. त्याच्या दुसऱ्या उड्डाणासाठी डॉक्टरांचं मंडळ अकराला बसणार होतं.

“कापामावशी, आज चहाबिहा नाही?”

“आधी डोळे. चहा घेतलास की तू बडबडतोस आणि मी चुकते.”

“तुम्ही चुकलात तर रॉकेटं पडतील.”

तिनं कार्ड धरलं. डावा डोळा झाकून तो वाचू लागला, न अडखळता. नदीचं वर्णन, मग होडीचं. टाइप बारीक होत गेला तरी आवाज तसाच. “...आणि पैलतीरावर कुणीच नव्हतं,” त्यानं शेवटची ओळ संपवली.

तिनं खाली पाहिलं. शेवटच्या ओळीवर तिचा अंगठा आडवा होता. अख्खी ओळ झाकलेली.

तिनं अंगठा हलवला नाही. ती कुठं पाहतेय ते ग्लेबनंही पाहिलं.

“कार्ड कुठून मिळवलंस?”

“शहरात चष्म्याच्या कुठल्याही दुकानात मिळतं. तुम्ही कुलूप कशाला लावता कोण जाणे.”

“दिसत नाही तर चष्मा घे. चष्मे वरही नेतात.”

“नंबर वाढला म्हटलं की डोळ्यामागच्या नसेचा नवा फोटो मागतील. मी शहरात गुपचूप काढून घेतलाय. खाली येऊन चौदा महिने झाले, नसेची सूज आहे तशीच.” तो पुढे झुकला. “मग मी काय करू या गावात? शाळांमधून पोरांना बिल्ले वाटत फिरू?”

“वर डोळे गेले तर?”

“माझे जातील.”

“यान स्थानकाला जोडताना पडद्यावरचे आकडे तू वाचणार. शेजारी दोघं असतील.”

मग तो हळूच म्हणाला, “पाव्हेलकाकांना चौथ्या मजल्यावरून खाली आणलं तेव्हा पुढचा खांदा माझा होता. आठवण करून देत नाहीये.”

“देतोयस,” ती म्हणाली. नवऱ्याची शवपेटी जिन्याच्या वळणावर अडकली होती, ती ग्लेबनं एकट्यानं पेलली होती. ती ते विसरली नव्हती. विसरणारही नव्हती.

अकरा वाजता मंडळासमोर तिनं तपासणीचा कागद ठेवला. टेबलाच्या मधोमध ग्लेबच्या बायकोनं पाठवलेला, कोबी भरून भाजलेला मोठा पाव, अजून गरम. पाच डॉक्टर. ग्लेब भिंतीशी, ताठ.

मुख्य डॉक्टर स्तानिस्लाव इओसिफोविच घाईत होते. “कापितोलिना येगोरोव्ना, जवळच्या नजरेचा रकाना रिकामा का? ‘ठीक’ लिहू ना? नावं ठरलीत, वरिष्ठांना फोनही झालाय.”

तिनं त्यांच्या हातातलं पेन घेतलं. उभ्या उभ्याच लिहिलं, खाली सही केली.

डॉक्टरांनी मोठ्यानं वाचलं, “कार्ड पाठ केलेलं आहे. नजर मोजता आली नाही. नसेचा फोटो काढावा.” त्यांनी मान वर केली. “हे कशावरून?”

सगळे ग्लेबकडे वळले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“मावशी, सांगा ना त्यांना,” तो म्हणाला. “गंमत केली होती म्हणून सांगा. तुमचं ऐकतील ते.”

तिनं पेनाला टोपण लावलं, ते कागदावर ठेवलं आणि दाराबाहेर निघून गेली.