वरच्या वहिनींची चार दिवसांची रजा

संक्रांतीचं हळदीकुंकू, १९७४. स्थळ: चिंचवड, कंपनीच्या कॉलनीतलं आमचं तळमजल्याचं घर. हजर: मी, सासूबाई, शेजारच्या मास्तरीणबाई, कॉलनीतल्या दहा-बारा जणी, आणि उंबऱ्याबाहेर, जिन्याच्या पायरीवर, वरच्या मजल्यावरच्या वहिनी.

वरच्या वहिनींइतकी रजेची कदर करणारी बाई अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये दुसरी झाली नसेल. त्या मूळच्या मोशीच्या, यजमान कारखान्यात भट्टीवर. महिन्याचे चार दिवस बाजूला बसायचं म्हटलं की आम्ही बाकीच्या तोंड पाडून बसायचो. वहिनी बसायच्या त्या माहेरी आल्यासारख्या. गॅलरीत चटई, हाताशी भाजलेल्या शेंगा, आणि आत पिठलं करणाऱ्या यजमानांना बाहेरून हुकूम. "अवो, ढवळा की! गुठळ्या कोन खानार?" पिठलं लागलं की त्याचा वास तळमजल्यापर्यंत यायचा आणि सगळ्या कॉलनीला वहिनी बाजूला बसल्याचं कळायचं. एकदा मी म्हटलं, "वहिनी, लाज नाही वाटत?" "कसली लाज? ह्यास्नी कंपनीत शिक लीव हाय, दिवाळीला बोनस हाय. आमास्नी काय? ह्येच चार दीस!"

त्या वर्षी वहिनींनी आणखी खुळं काढली होती. ऐन थंडीत पंखा लावायच्या. भाजी निवडता निवडता उठून गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीला पाठ लावून उभ्या राहायच्या. रॉकेलच्या रांगेत एखादीशी कडाकडा भांडायच्या, घरी येऊन रडायच्या, आणि संध्याकाळी त्याच बाईला वाटीभर कालवण पाठवायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "ह्यांची भट्टी माझ्या अंगात पेटलीया बाई. तिन्ही शिफ्टला चालू." आम्ही हसायचो. मास्तरीणबाईंना दृष्टीचा संशय होता, त्यांनी मीठ-मोहऱ्या उतरवायला सांगितल्या. शिकलेल्या आमच्यात पुष्कळ होत्या, पण त्या वयात बाईचं असं होतं, हे कुणी तोंडातून काढलं नाही. शिवाय वहिनींचे चार दिवस दर महिन्याला ठरल्याप्रमाणे चालू होते.

तर हळदीकुंकू. मी वाण वाटत होते. वहिनी पायरीवरून एकेकीच्या उखाण्यावर शेरे मारत होत्या. मध्येच त्यांचा चेहरा लालबुंद झाला, कपाळावर घाम डवरला. त्या उठल्या, उंबरा ओलांडून तडक माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या, सोवळ्याच्या हंड्यात तांब्या बुडवला आणि डोक्यावर ओतून घेतला. शेजारीच तिळाच्या लाडवांचं ताट होतं.

सासूबाई ओरडल्या, "अगं, शिवलीस! आता सगळं टाकावं लागणार!"

वहिनींनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. केसांतून पाणी निथळत होतं.

"टाकू नगा, काकू," त्या हळूच म्हणाल्या. "मी बाजूला न्हाई. दिवाळीच्या आदीच बंद झालंय समदं."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. वेळ सावरून नेण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "चला, लाडू तरी वाचले!" बायका खो खो हसल्या. वहिनीही हसल्या, आणि पदराने तोंड पुसत वर निघून गेल्या. ते हसू आठवलं की अजून माझी मान खाली जाते.

पुढच्या महिन्यापासून पिठल्याचा वास येईनासा झाला. गॅलरीतली चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी राहिली. यजमान निवृत्त झाल्यावर दोघं मोशीला शेतावर राहायला गेली.

हे मी इतक्या वर्षांनी, आमच्या आताच्या वरच्या मजल्यावरच्या घराच्या गॅलरीत, चटईवर बसून लिहिते आहे. आत सून कुकर लावते आहे. माझंही गेल्या पावसाळ्यातच थांबलं. तिला ठाऊक नाही, कुणालाच नाही. मघाशी अंगातून अशी आग उठली की कठड्याच्या लोखंडाला गाल लावून उभी राहिले.

आजची कामं: गॅसचा नंबर लावला. रेशनची साखर आणवली. इस्त्रीचे कपडे आले. मोशीला जाऊन वहिनींना, "माझीही भट्टी पेटली हो," एवढं सांगायचं, ते राहिलं. एरवी स्वयंपाकातून सुटका नाही, आणि हे चार दिवस मोकळे, तर बाजूला बसलेल्या बाईने कुणाच्या घरी जायचं कसं? सून विचारील.

मोशी बाकी.