मुतखड्यावरच्या तीन पुरचुंड्या

कार्तिक वद्य पंचमी, सकाळ. ओसरीवर हजर: आई, माझी पत्नी, धाकटा भाऊ गणू आणि मी. अंगणात वाळत घातलेल्या गोखरूला उन्हाचा मंद, हिरवट वास येत होता. रस्त्याने कापसाच्या गाड्या चालल्या होत्या आणि त्यांतून सुटलेले पांढरे पुंजके कुंपणाच्या काट्यांवर थरथरत होते. त्यांतलीच एक गाडी माल उतरवून दुपारी अमरावतीहून बार्शीटाकळीला परतणार होती. तिथे माझी थोरली बहीण मुतखड्याच्या कळांनी तळमळत होती. तिच्यासाठी औषध पाठवायचं होतं.

मला शंका नव्हती. गेल्या हिवाळ्यात हेच दुखणं मी भोगलं. कमरेतून उठणारी ती कळ डोळ्यांपुढचा उजेडसुद्धा पुसून टाकी. पत्नीने गोखरूचा काढा पाजला आणि एका पहाटे ज्वारीच्या कणीएवढा खडा पडला. वखारीत गठ्ठे मोजून घेणारा मी माणूस; औषध एक, गुण एक, हिशेब सरळ. म्हणून म्हणालो, फक्त गोखरू बांधा.

आई सुपातून मान वर न करता म्हणाली, "अन् तुह्या वरनात म्या कुळीथ घोटला, त्याचा काहीच गुन नाही का?"

अमेरिकेत लढाई जुंपून कापसाचा भाव चढल्यापासून इथलं सारं रान कापसाखाली गेलेलं. बाजारात कुळीथ दिसेना. तिने बियाण्याचं लिंपून ठेवलेलं मडकं उघडलं होतं, आणि सुनेच्या औषधावर अविश्वास दिसू नये म्हणून वर्षभर गप्प राहिली होती.

मग गणू पुटपुटला, "दादा, तुमच्या घागरीत मीबी पाषाणभेदाची मुळी टाकत होतो."

"म्हनून पानी तुरट लागे," पत्नी म्हणाली. "अन् भाऊजी, यांची बोलनी मले खा लागली."

सगळे हसले. मीही हसलो आणि मधेच थांबलो. माझा खडा कशाने सुटला, हे आता कोण सांगणार? कदाचित त्या घागरभर पाण्यानेच. ताईला आधी एकच औषध द्यावं, गुण पाहावा, मग दुसरं, असा क्रम मी मनात लावला; पण त्यातला प्रत्येक दिवस तिच्या कमरेतून कळ होऊन जाणार होता.

मी गोखरू, कुळीथ, पाषाणभेद अशा तिन्ही पुरचुंड्या बांधल्या. गाडी धुळीत दिसेनाशी झाली. ताई बरी झाली, तर कशाने झाली ते याही वेळी कळणार नाही. ते शोधायचं काम राहिलंच आहे, पण त्यासाठी पुन्हा कुणाला तरी कळा सोसाव्या लागतील, म्हणून ते तसंच राहावं अशी इच्छा मी आयुष्यात प्रथमच धरून बसलो आहे.