सँपलचा कोट

तमाम वाचकांनी, गुडघे साथ देत असतील तर, उभं राहून ऐकावं. अत्यंत गंभीर निवेदन करतो आहे. भूगोलाच्या पुस्तकात फेरफार करावा लागेल इतकं गंभीर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन मे महिन्यात, भर दुपारी, अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या दीड खोलीत उत्तर ध्रुवाचं पाणी सांडलं होतं. सदर पाणी मी स्वतः फडक्याने पुसलं. फडकं आईच्या जुन्या लुगड्याचं होतं... आता बसा.

हसताय ना? हसा. मीही हसलो असतो. माझे आजोबा छप्पन्न साली बौद्ध झाले, तेव्हापासून आमच्या घरात नवस, अंगारा, दृष्ट काढणं सगळं बंद. त्यात वडील कारखान्यात लेथ मशीनवर. जे मापात बसत नाही ते नाहीच, असा त्यांचा खाक्या. चाळीत कोणी भुताची गोष्ट सुरू केली की बाबा विचारायचे, "भूत किती वजनाचं होतं?" आणि गोष्ट तिथेच मरायची. अशा घरात मी वाढलो. तेव्हा पुढे जे सांगतोय ते हौसेने सांगतोय हे खरं, पण पदरचं घालत नाहीये.

तर, माझी मोठी बहीण सुजाता. मी ताईच म्हणतो. आमच्या चाळीमागे एक नाला होता. कधी लाल वाहायचा, कधी निळा, कधी वर फेसाची गादी. आम्ही पोरं उद्याचा रंग कोणता यावर पैजा लावायचो, आणि ताई ते पाणी बाटलीत भरून आणायची. आई म्हणायची, हिला भातुकली द्यायची राहिली. पण बाटल्यांतूनच ताई केमिस्ट्रीत गेली, पहिली आली, आणि शेवटी परदेशी शिष्यवृत्ती घेऊन नॉर्वेच्याही वर, नकाशाच्या कडेला लटकलेल्या एका बेटावर बर्फ तपासायला निघाली.

बाबांनी विचारलं, "इथे एवढी घाण पडलीय आणि तू स्वच्छ बर्फ तपासायला चाललीस?"

"तो स्वच्छ राहिलाय का, तेच बघायचंय बाबा. आपल्या कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर कुठे जातो वाटतं तुम्हाला? डोंबिवलीला जाऊन थांबतो?"

आई मात्र धुराच्या भानगडीत पडली नाही. तिचा प्रश्न एकच होता. "अंगात काय घालणार?"

कोट तिकडे मिळणार होता. पण परक्यांनी वापरलेला कोट, कोणाच्या अंगचा, कधी धुतलेला... आईला पटेना. म्हणून ती ताईला घेऊन उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात, परसू अंकलकडे गेली. मी पिशव्या धरायला. परसू अंकल म्हणजे बाबांचे जुने दोस्त, सिंधी कटर. कुठल्याही कपड्याचा नुसता फोटो दाखवा, संध्याकाळी तो कपडा तयार. ताईने इंग्रजी मासिकातलं चित्र पुढे केलं. टोपीवाला, गुबगुबीत, लाल कोट.

"साईं, हे तर एकदम इझी," अंकल म्हणाले. "नॉर्थ पोल पण फसणार. बोलेल, ओरिजिनल आहे."

"अंकल, तिथे खरी थंडी असते हो."

"अरे, आमच्या फॅमिलीने सिंधची थंडी बघितली हाय! तू अंबरनाथची, तुला काय माहीत थंडी?"

आत भरायला आईने कुळगावच्या आत्याकडून सावरीचा कापूस आणला. तोच तो, उशीत भरतात तो. आत्याच्या बांधावरच्या झाडाचा. अंकलनी कापड दुपदरी करून ठेवलं आणि कात्री चालवली. एका कटिंगमध्ये दोन कोट निघाले.

"दोन कशाला?" आईने विचारलं.

"देखो भाभी, ही आमची लाइन. एक माल, एक सँपल. माल कस्टमरकडे जातो, सँपल आमच्याकडे लटकतो. कम्प्लेंट आली की मी कस्टमरच्या तोंडाकडे नाय बघत, सँपलकडे बघतो. माल में जो होगा, सँपल में दिखेगा. सँपल दुरुस्त, तो माल दुरुस्त."

हे वाक्य लक्षात ठेवा. आईने ठेवलं. नुसतं वाक्य नाही, तिने सँपलचा कोटच मागून घरी आणला. "पोरीसारखा दिसतो," म्हणाली, आणि खुंटीला अडकवला.

आता आईचं एक गुपित सांगायला हवं. आई मिसरी लावायची. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, दुपारी निवांत बसून दातांवर घासायची. बाबांपासून चोरून. निघायच्या दिवशी ताईने ती मिसरीची डबी नाल्यात फेकली आणि आईचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"म्हण, सुजाताची शपथ, परत लावणार नाही."

"आपल्यात शपथा मानत नाहीत," आई म्हणाली.

"तू मानतेस. म्हण."

आई म्हणाली. ताई विमानात बसली. आणि आठवडा उलटायच्या आत आईने नवी डबी आणली व अशा ठिकाणी लपवली की बाबांच्या बापजन्मात सापडली नसती. सँपलच्या कोटाच्या आतल्या खिशात! मला ठाऊक होतं, कारण दुकानातून ती आणून कोण देणार?

हिवाळा गेला, उन्हाळा लागला आणि कोटाची चुळबूळ सुरू झाली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. पंखा बंद, वीज गेलेली, वारा पडलेला, आणि कोट खुंटीवर हळूहळू फिरून भिंतीकडे तोंड करायचा. सकाळी उघडी असलेली चेन दुपारी गळ्यापर्यंत लागलेली. मला वाटायचं आईने लावली, आईला वाटायचं मी. एकदा आई म्हणाली, "बाळ्या, डबी दे रे." मी आतल्या खिशात हात घातला आणि ओरडून बाहेर काढला. आत गारठा होता. बर्फाच्या गोळेवाल्याच्या पेटीत हात घालावा तसा. बाहेर चाळीचे पत्रे तापून कडकड वाजत होते!

बाबांना सांगितलं. बाबांनी हात घातला — नशीब, डबी तेव्हा आईच्या कमरेला होती — आणि म्हणाले, "सावलीतलं कापड गार लागतंच. ट्रंकेत टाका."

टाकला. दुसऱ्या दिवशी लोखंडी ट्रंकेला बाहेरून घाम फुटलेला. थंड सोड्याच्या बाटलीला फुटतो तसा. थेंब ओघळून खाली ओल.

"दमट हवा," बाबा म्हणाले. पण हाच लेथवरचा माणूस ट्रंकेला तीनदा हात लावून गेला. आईने कोट परत खुंटीला लावला. तेव्हापासून ती घरात एका जागी बसेना. भाजी निवडता निवडता उठायची, कोटाची बाही चाचपायची, पुन्हा बसायची. "पोरगी बरी असेल ना रे?" दिवसातून किती वेळा. ताईचा फोन यायचा तो परसू अंकलच्या दुकानात, तोही तिकडचं हवामान आणि इकडची लाइन यांचा मुहूर्त जुळला तर. त्या महिन्यात जुळला नव्हता.

आणि मग ती दुपार. बाबांची सुट्टी होती, ते चटईवर पेपर तोंडावर घेऊन पडलेले. मी उंबऱ्यात. आई पाठमोरी बसून मिसरी लावत होती. एकदम आवाज आला — थप्प. भिजलेली गोधडी दोरीवरून पडावी तसा. वळून बघतो तर कोट खाली पडलेला आणि त्याच्यातून पाणी वाहतंय. ठिबकतंय नव्हे, वाहतंय. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत. मी पाय त्यात ठेवला आणि कळ मस्तकात गेली, इतकं थंड.

बाबा उठले. आधी वर बघितलं. छत कोरडं. मग नळाकडे. आमच्या नळाला त्या वेळी पाणी येत असतं, तर चाळीने दिवाळी साजरी केली असती.

मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

"घाम असेल," बाबा म्हणाले. भर दुपारी, दोन बादल्या घाम!

आईकडे कोणाचं लक्षच नव्हतं. ती कोटाकडे बघत होती आणि तिचं तोंड पांढरं पडलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मी शपथ मोडली..." आणि कळलं ते फक्त मला, कारण तोंडात मिसरी होती. पुढच्या क्षणी तिने तो ओला, जड कोट उचलला, हात घातले आणि चेन गळ्यापर्यंत ओढली.

"अगं, वेडी झालीस का? काढ तो!" बाबा.

आईने मान हलवली. तोंड मिटलेलंच. दात वाजायला लागले, ओठ निळे. बाबांनी चेन ओढली, चेन हलेना. मी ओढली, हलेना. आई दोन्ही हातांनी कोट छातीशी आवळून बसली, तापात पोर धरून बसावं तशी, आणि घशातून कसंबसं म्हणाली, "सँपल दुरुस्त... तर माल..."

बाबांना वाटलं थंडीने बोबडी वळली. मग वाचकहो, मी कधी न पाहिलेलं पाहिलं. भुताचं वजन विचारणाऱ्या माझ्या बापाने बायकोला उचललं, गॅलरीत उन्हात नेऊन बसवलं, स्टोव्हवर तेल गरम केलं आणि सगळ्या चाळीदेखत तिचे तळपाय चोळायला लागला. शेजारणी दारात गोळा. एक म्हणाली, "अहो, काय झालं काय वहिनींना?" बाबा ओरडले, "थंडी वाजतेय! दिसत नाही?" मे महिना. ती बाई घरात गेली आणि गोधडी घेऊन आली.

ऊन खाली सरकलं तसा कोट वाळत गेला. कापडावर पांढरी पुटं धरली. आईच्या ओठांवर रंग आला. आणि चेन — कोणी हात न लावता — अलगद खाली उतरली. मी आणि बाबा, दोघांनी पाहिली. बाबा तेवढं एक आजही नाकारतात.

पुढचे दिवस आम्ही तिघं रोज परसू अंकलच्या दुकानात. आईने मिसरीला हात लावला नाही. फोन वाजला की उठायची, जॉर्जेटची ऑर्डर असली की बसायची. अंकलनी कोट उलटा करून शिवण न् शिवण तपासली. "भाभी, शिलाई एकदम पास," म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता. गिऱ्हाइकांना ते हाकलायला लागले. "आज बंद, आज बंद, लाइन मोकळी ठेवा!"

आणि आला. ताईचाच आला. अंकलनी दोनदा "हॅलो, बेटी?" केलं, रडले आणि रिसिव्हर आईच्या हातात दिला.

काय घडलं होतं ते ताईने परत आल्यावर नीट सांगितलं. गोठलेल्या समुद्रावर बर्फाचा नमुना काढायला ती चालली होती. जिथे बर्फ जाड असायलाच हवा होता, तिथे तो पातळ झाला होता. ती आत गेली. सावरीचा कापूस तरंगतो. जुन्या काळी बोटींवरच्या जाकिटांत तोच भरायचे म्हणे. कोटाने तिला वर धरलं, सोबत्यांनी ओढून काढलं. पण खोपटं लांब होतं आणि बदली कपडे तिथेच. ओल्या कपड्यात माणूस तिथे टिकत नाही. ती टिकली. ती म्हणाली, सगळं अंग बधिर, फक्त कोटाच्या आत ऊब. जणू तो आत्ताच कोणीतरी अंगातून काढून दिला होता.

दिवस तोच. वेळ बाबांनी कागदावर गणित करून जुळवली, आणि मग कागद फाडला.

तेव्हा कापूस का तरंगतो ते मला कळलं. धूर ध्रुवापर्यंत कसा जातो तेही ताईने आकृती काढून समजावलं. त्याला वारा लागतो. पण कोटाला कुठला वारा? खारं पाणी कुठून आलं? ताईला विचारलं तर ती शास्त्रज्ञाला शोभेल असं म्हणते, "डेटा अपुरा आहे." बाबा अजून दमट हवेवर ठाम आहेत. परसू अंकल जाईपर्यंत सांगत राहिले, "कटिंग एक होतं, बस." मी इतकी वर्षं सांगतोय, रंगवून सांगतोय, पण उत्तर माझ्याकडे नाही. सँपलचा कोट कपाटात आहे. आता तो गप्प असतो.

राहता राहिला तो फोन. तेव्हा परदेशातून बोलायचं म्हणजे ओरडायचं. रिसिव्हर आईच्या कानाला होता, पण आवाज अख्ख्या दुकानाला. बाबा शेजारीच उभे. आईने नुसतं "सुजा..." म्हटलं. मिसरीच्या नव्या डबीबद्दल मी कोणालाच सांगितलं नव्हतं, आईने तर नाहीच नाही. आणि एवढ्या लांबून, मरणाच्या दारातून परत आलेली माझी बहीण पहिलं वाक्य काय ओरडली असेल?

"आई, खोटारडे! मिसरी सोडली नाहीस ना तू? अगं, सगळा कोट नुसता वासाने भरला होता!"