हमीदभाईंच्या कपाटातले पाइप

तंबाखूच्या पाइपच्या वाटीत आतून कोळशाचा थर धरतो. पातळ थर चांगला, त्याने लाकूड जळत नाही. पण तो फार जाड झाला की वाटीच तडकते, म्हणून अधूनमधून खरवडावा लागतो. आमच्या मंडळाचे किस्से आता त्या बेताला आले आहेत. थोडे खरवडून काढतो, नाहीतर तडकायची पाळी माझ्यावर यायची.

मंडळ म्हणजे आम्ही तिघं. हमीदभाई, ज्यांचं चंद्रपुरात चष्म्याचं दुकान आहे आणि आता धाकटा भाऊ ते बघतो. वांढरे, माजरीच्या कोळसा खाणीतून रिटायर झालेले. आणि मी, पाटबंधारे खात्यातला माजी कारकून. दर रविवारी सकाळी हमीदभाईंच्या ओसरीवर बसून आम्ही जुने पाइप दुरुस्त करतो. वांढरे पाइप शोधून आणतात, मी तारेला कापसाचे बोळे लावून आतली घाण काढतो, आणि बाकी सगळं, म्हणजे खरं काम, हमीदभाई करतात. घाणीचं खातं माझ्याकडे कसं आलं, असं कोणी विचारलं नाही. दुसऱ्यांनी करून ठेवलेलं निस्तरण्यात माझी पूर्ण नोकरी गेली आहे, हे बहुधा चेहऱ्यावर दिसत असावं.

तिघांपैकी ओढत कोणीच नाही. हमीदभाईंनी निकाहच्या वेळी बिडी सोडली, ती भाभींच्या सांगण्यावरून. पुढे हा पाइपांचा नाद लागला तेव्हा भाभींनी ओसरीवरचं काचेचं कपाट रिकामं करून दिलं आणि सोबत अट घातली. "ज्या दिवशी यातल्या एकातूनही या घरात धूर निघन, त्या दिवशी सगळे बंबात जातीन."

पाणी तापवायचा बंब ओसरीच्या टोकालाच आहे. हमीदभाई बसतात त्या जागेवरून तो नीट दिसतो.

*

वांढऱ्यांनी भंगारवाल्याकडून आणलेला प्रत्येक पाइप इंग्रज साहेबाचा असतो. भंगारवाला तसं सांगतो आणि वांढरे तसंच आमच्यापर्यंत पोचवतात. एकदा तर त्यांनी मक्याच्या कणसाचा पाइप आणला, तोही साहेबाचा.

हमीदभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "वांढरेभाऊ, माजरीत इंग्रज किती होते?"

"असतीन की बरेच."

"तुमी आतापर्यंत आणले तेवढे तर लंडनलेही नसतीन."

वांढरे शांतपणे म्हणाले, "ते सगळे इथीच होते ना, म्हणून."

*

पाइपचा जुना वास घालवायचा तर वाटीत मीठ भरतात आणि त्यावर स्पिरिट ओततात. रात्रभरात मीठ सगळा काळा रस पिऊन घेतं. जिल्ह्यात दारूबंदी होती त्या काळात एकदा स्पिरिट मिळेना, तेव्हा वांढऱ्यांनी कुठूनशी मोहाची बाटली पैदा केली. कुठून, ते मी विचारलं नाही. सरकारी नोकरीने मला जे थोडंफार शिकवलं, त्यात हे पहिलं.

हमीदभाईंनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. त्यांनी भाभींचे भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले आणि इंजेक्शनच्या सिरिंजने थेंब थेंब मोह वाटीत सोडू लागले. तेवढ्यात भाभी बाहेर आल्या.

"या अल्ला! घरात दारू?"

"मी पिऊन नाई राह्यलो," हमीदभाई मान वर न करता म्हणाले, "पाइपले पाजून राह्यलो. अन् तुमची अट धुराची होती, दारूची नाई."

भाभींनी जागच्या जागी दुसरी अट घातली. हातमोजेही नवे आणावे लागले. तो पाइप मात्र आजही कपाटात आहे, आणि वांढरे त्याला दर रविवारी एकदा हुंगून परत ठेवतात.

*

एका पाइपची कडक रबराची दांडी हमीदभाईंनी गरम पाण्यात धरून मोठ्या कौशल्याने वाकवली होती. मधून उतरती, हंसाच्या मानेसारखी. मे महिना होता. वांढऱ्यांनी तो पाइप घरी दाखवायला म्हणून स्टीलच्या डब्यात घातला, डबा स्कूटरच्या सीटवर ठेवला आणि पानाच्या टपरीवर गप्पा मारत उभे राहिले. घरी जाऊन डबा उघडला तर दांडी फूटपट्टीसारखी सरळ.

हमीदभाईंनी ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. "रबर होतं, सुटलं," ते म्हणाले. "चंद्रपूरच्या उन्हात भले भले सरळ होते."

*

पण त्यांचा हातखंडा दातांच्या खुणांचा. ओढणारा माणूस दांडी चावून चावून तिला खळगे पाडतो. बाकीचे लोक ती दांडी फेकून नवी लावतात. हमीदभाई ती मेणबत्तीच्या ज्योतीवरून अशी फिरवतात की आतलं रबर फुगून खळगा आपोआप वर येतो. मग बारीक पॉलिश पेपर, मग दुकानातलं चष्म्याच्या फ्रेम घासायचं चाक, आणि शेवटी मधमाशीचं मेण. दांडीवर बोट फिरवलं तर कोणी कधी तोंडात धरली होती असं वाटणार नाही. मी हे कितीदा तरी पाहिलं आहे. तो खळगा वर येतो तेव्हा दर वेळी माझ्या हातातलं काम थांबतं.

"माणूस गेला तरी दात सोडून जाते," हमीदभाई म्हणतात. "आपण ते पुसाचे."

*

मागच्या वर्षी भाताच्या रोवणीच्या तोंडावर पोंभुर्ण्याकडच्या एका खेड्यातून तानाबाई आली. साठीची असावी. नवरा जंगलखात्याच्या बंगल्यावर स्वयंपाकी होता, त्याला कोणा साहेबाने पाइप दिलेला. वांढऱ्यांनी विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं. तानाबाई म्हणाली, "बुढा गेला, मंग माह्याकडे आला. आता वढला तर धूर येत नाई. तेवढा मोकळा करून द्या, भाऊ."

काम पाच मिनिटांचं होतं, आणि माझ्या खात्यातलं. पण हमीदभाईंनी दांडी पाहिली. तिला इतके खोल खळगे होते की त्यांचे डोळे चमकले. "पुढच्या रविवारी या, बाई."

आठवडाभर ते त्या पाइपवर बसले होते. रविवारी तानाबाईच्या हातात दिला तेव्हा तो आरशासारखा झळकत होता. तिने उलटून पालटून पाहिला, दातांत धरला, हात सोडले. पाइप सटकून मांडीवर पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला.

"माही जागा कुठी गेली?" तिने विचारलं.

"कोणती जागा?"

"दातांची. रोवणीत दोनी हात चिखलात रायते, भाऊ. धराव कशानं?"

उभ्या आयुष्यात हमीदभाईंनी शेकडो खुणा पुसल्या असतील. परत उमटवायला कोणी सांगितलं नव्हतं. ते उठले, आत जाऊन चहाच्या पातेल्यातलं उकळतं पाणी घेऊन आले, दांडी त्यात बुडवली, फडक्याने पुसली आणि थोडी निवू देऊन दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. "चावा, बाई. जोरानं."

तानाबाईने चावली. काढली, पुन्हा बुडवली, पुन्हा चावली. ती चकचकीत दांडी चेपत होती आणि हमीदभाईंचा चेहरा पाहवत नव्हता.

"आता पायतो," असं म्हणत तिने कमरेच्या बटव्यातून तंबाखू काढून वाटीत दाबली, आणि आम्ही काही बोलायच्या आत काडी ओढली.

ओसरीभर धूर झाला. भाभी दारातच सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. वांढऱ्यांनी बंबाकडे पाहिलं. हमीदभाईंनी कपाटाकडे पाहिलं, शेवटचं पाहतात तसं.

तानाबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त पाइप पडतो का ते बघायचं होतं. हात कामात हवे म्हणून तिने भाभींच्या पुढ्यातलं सूप ओढलं आणि दातांत पाइप धरून तांदूळ पाखडायला लागली. कोंडा एका बाजूला, धूर दुसऱ्या बाजूला. पाइप जागचा हलला नाही.

निम्मे तांदूळ पाखडून होईपर्यंत भाभी बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि पाहुण्यांच्या कपबश्यांमधली एक बशी घेऊन आल्या. ती तानाबाईजवळ ठेवली. "राख यात झाडा, बाई."

हमीदभाईंकडे वळून म्हणाल्या, "इतके वर्स घासून राह्यले तुमी. कामाचा पाइप आज पायला."

हमीदभाईंना धीर आला. "म्हणजे आता मी पण एखाद्या वेळी..."

"तुमचे हात मोकळे हायेत," भाभी म्हणाल्या.

तानाबाईने दातांतला पाइप न काढता सूप हमीदभाईंपुढे धरलं. हमीदभाईंनी एकदा भाभींकडे पाहिलं आणि ते दोन्ही हातांनी घेतलं.