काली झन जाबे

त्या वर्षी मी देवाशी बोलणं सोडलं होतं. भांडण असं नव्हतं, नवरा-बायकोत असतो तसा अबोला. बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, चार महिने ती खिडकीशी पडून कारखान्याच्या चिमण्या बघत राहिली, आणि मी देवघरातला दिवा लावणं थांबवलं. डॉक्टर म्हणाले, "आता थोडं फिरवून आणा, पण जपून." तिनं एकच मागितलं, "मले पहाड दाखवा जी. तीस वर्षांपासून चिमणीच पाहून राहिली."

मैकलच्या डोंगरात सालवृक्षांचं एक उद्यान आहे. पूर्वी ऑफिसच्या लोकांसोबत मी तिथे गेलो होतो. जायचं ठरलं आणि माझ्यातला कारकून जागा झाला. प्लांटच्या प्लॅनिंग विभागात माझी हयात गेली. भट्टी कधी बंद करायची, कधी पेटवायची, हे मी कागदावर लिहितो आणि भट्ट्या माझं ऐकतात. घरात कोणी ऐकत नाही, म्हणून घरचा कागद जास्तच बारकाईनं लिहितो. "५.३० प्रस्थान. ८.३० कवर्धा, औषध. ९.१५ घाट, दुसरं वळण, टपरीवर चहा, हिला बाकावर बसवणे."

मुलीनं वाचून विचारलं, "बाबा, ये पिकनिक है या शटडाउन का शेड्यूल?"

"बाकावर बसवणे?" बायको म्हणाली. "मी का सामान आहो जी?"

आदल्या दुपारी थर्मास घ्यायला आमच्या गावातल्या 'पावर हाउस' नावाच्या बाजारात गेलो. दोन दुकानांच्या फटीत एक म्हातारी हिरव्या शिंगाड्यांची टोपली घेऊन बसली होती. मी थांबलोही नाही, पण तिनं माझं मनगट धरलं. हात इतका गार आणि ओला, जणू आत्ताच तळ्यातून वर आलेला. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. शर्टाच्या खिशाकडे बघत होती, जिथे तो कागद घडी करून ठेवला होता. "काली झन जाबे, बाबू," म्हणाली आणि माझ्या तळव्यावर तीन शिंगाडे ठेवले. तेवढ्यापुरता बाजाराचा आवाज कुणी झाकण लावावं तसा बंद झाला. दहा पावलांवर जाऊन वळून पाहिलं तर फटीत नुसता ओला डाग होता.

आम्ही नागपूरकडचे. तीस वर्षं इथे राहूनही माझी छत्तीसगढी "बने-बने", म्हणजे बरं-बरं, याच्या पुढे कधी गेली नाही. पण अडाण्याला आत्मविश्वास फार. घरी येऊन मी अर्थ लावला: काली म्हणजे काली माई, झन म्हणजे आपलं जण, जाबे म्हणजे जा. कालीकडे सगळे जण जा.

"तीन शिंगाडे, तीन जणं," बायको म्हणाली. "बोलावणं आलं. वाटेत जिथं देवी भेटन तिथं थांबू."

"माझ्या कागदात जागा नाही. अर्धा तास कुठून आणू?"

"चार महिने कुठून आणले होते?"



पहाटे निघालो. कवर्ध्याच्या पुढे धुकं होतं. घाट लागायच्या आधी एका तळ्याकाठी काली माईचं छोटं ठाणं दिसलं. दार उघडं, आत कोणी नाही, आसपास घर नाही. देवीच्या पायाशी हिरव्या शिंगाड्यांचा ढीग होता आणि त्यातून अजून पाणी निथळत होतं. बायको बसली ती उठेचना. मी घड्याळ बघायचो, मग देवी, मग पुन्हा घड्याळ. आणि मग माझं मनगट गार पडलं, आदल्या दिवशी जिथे बोटं होती नेमकं तिथेच. चार महिन्यांनी मी हात जोडले. खोटं कशाला बोलू, भक्तीनं कमी आणि भीतीनं जास्त.

तिथून निघायला पाऊण तास उशीर झाला. घाटात गाड्यांची रांग लागलेली. दुसऱ्या वळणावर डोंगरातून एक मोठा दगड सुटून टपरीवर आला होता. बाक त्याच्याखाली होता. टपरीवाला अंगभर धूळ घेऊन रस्त्यात बसला होता, धडधाकट. पाणी भरायला खाली उतरला म्हणून वाचलेला. "सवा नौ बजे गिरा साहब," तो म्हणाला. "बेंच पे कोई नहीं था."

मी खिशातला कागद काढला. बायकोनं तो माझ्या हातून घेतला, ती ओळ वाचली आणि घडी करून परत दिला.  दुपारी रस्ता मोकळा झाला. हिनं सालवनाच्या कडेला बसून पोटभर पहाड पाहिला.

घरी आल्यावर कामाच्या सुखमतीबाईला हे सगळं सांगितलं. ती आधी हसली. "तीस बछर होगे साहेब, अउ 'झन' नइ जानव? काली माने कल. झन माने मत. कल मत जाना, कहिस." मग तिचं हसू थांबलं. "फेर ओला कोन बताइस, कि तुमन काली जावत हव?"

दुसऱ्या दिवशी निघणार हे मी घराबाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं. बाजारात गेलो, ती फट शोधली. तिथे उघडी नाली आहे. पानवाला म्हणाला, "यहाँ कौन बैठेगा भैया?"

हे कसं झालं, मला सांगता येणार नाही, आणि मी आता कुणाला विचारतही नाही. तिचं सांगणं मी चुकीचं समजलो, निघू नको म्हणाली तर निघालो, आणि तिनं माझी चूकच आमच्या कामी आणली. तिच्या बोलीत उद्याचं नावच काली आहे. एवढी वर्षं मी उद्याचे कागद भरत होतो, नाव मात्र कधी विचारलं नव्हतं.

दिवा आता रोज लावतो. कागदही लिहितो, सवय जात नाही. देवघरात ठेवलेल्या त्या तीन शिंगाड्यांपैकी दोन वाळून काळे पडले. तिसऱ्याखालचा कपडा मी रोज सकाळी बदलतो. ओला झालेला असतो.